मुख्य टाकीतून सम्पमध्ये पाणी पुरेसे उतरत नाही. पंप मोठा घ्यावा की पाइप बदलावेत?

मंगळवारपेठकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी गोड्या पाण्याची टाकी आहे. अडीच फुटी स्टँडच्या कपाटात अडीच फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असा सम्प (पाणी गाळण्याची खालची टाकी) ठेवलेला आहे. टाकीत ओरांडा आणि रांचू जातीचे गोल्डफिश आहेत. मागच्या कोपऱ्यात ओव्हरफ्लो बॉक्स (वरच्या कडेच्या दात्यांवरून टाकीचे पाणी ज्यात पडते तो कप्पा) असून त्याच्या तळाच्या काचेला दोन भोके आहेत; एकातून एक इंची पाइप पाणी खाली नेतो आणि दुसऱ्यातून पाऊण इंची परतीचा पाइप पंपाचे पाणी वर आणतो. खाली जाणाऱ्या पाइपच्या वरच्या टोकाला टी बसवून तिच्यावर बारीक छिद्राचे झाकण दिलेले आहे. सम्प कपाटाच्या एका अंगाला असल्यामुळे हा पाइप खाली उतरल्यावर एल्बो घेऊन साधारण दोन फूट आडवा जातो, दुसऱ्या एल्बोने पुन्हा खाली वळतो आणि सम्पच्या पाण्यात सहा इंच खोल उघडतो.

अडचण अशी की पंपावर तासाला ३,००० लिटर असे छापलेले असले तरी परतीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की ओव्हरफ्लो बॉक्स भरत जातो आणि टाकीतील पाणी काठाला टेकू लागते. त्यामुळे हा व्हॉल्व्ह कायम अर्धवट बंद ठेवावा लागतो. त्यातच बॉक्समधील पाणी दर काही मिनिटांनी एकदम खाली खेचले जाते आणि इतक्या मोठ्याने घळघळते की रात्री बाहेरच्या खोलीत कोणाला झोपता येत नाही. सामान घेतले त्या दुकानदाराने आणखी मोठा पंप घेण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्या एका परिचितांच्या मते टाकी रिकामी करून तिसरे भोक पाडावे. गोल्डफिशची घाण पाहता टाकी आणि सम्प यांच्यातील पाण्याची फिरती वाढवणे मला आवश्यक वाटते. नेमकी सुरुवात कुठून करावी, याचे मार्गदर्शन व्हावे.

उद्यमनगरी (उत्तर)

पंप बदलू नका. पाणी खाली उतरत नसताना वर ढकलणारे यंत्र मोठे करायचे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होईल.

वर जाणारे पाणी पंप ढकलतो, पण खाली येणारे पाणी निव्वळ गुरुत्वाकर्षणाने येते. पंप जेवढे पाणी वर देतो तेवढेच ओव्हरफ्लोच्या दात्यांवरून पडते, त्याहून थेंबभरही अधिक पडत नाही. आणि उतरणाऱ्या पाइपची क्षमता त्याहून कमी असेल तर टाकी भरत जाऊन शेवटी पाणी फरशीवर येते. म्हणून आधी उतरणाऱ्या पाइपची क्षमता वाढवायची आणि मग परतीचा व्हॉल्व्ह उघडायचा, हाच क्रम योग्य आहे.

आपला पाइप सध्या पाणी आणि हवा दोन्ही एकदम वाहून नेत आहे. टी आणि छिद्राचे झाकण असलेल्या या रचनेला ड्युर्सो पाइप म्हणतात. झाकणाच्या छिद्रातून ठरावीक हवा आत घेऊन आवाज कमी करणे एवढाच तिचा उद्देश असतो. प्रवाह वाढवण्यासाठी ती नाही. एक इंची पाइपच्या तोंडावर दोन इंच पाणी उभे असेल तर त्यातून तासाला साधारण हजार लिटर पाणी उतरते, कारण पाण्याला रेटायला फक्त त्या दोन इंचांचा दाब मिळतो. हाच पाइप पाण्याने पूर्ण भरून वाहू लागला आणि त्यात हवा उरली नाही, म्हणजेच पूर्ण सायफन झाला, तर वरच्या बॉक्समधील पातळीपासून सम्पमधील पातळीपर्यंतची सगळी उंची कामाला येते. आपल्याकडे ही उंची तीन फुटांच्या आसपास असावी आणि वळणांमुळे होणारा तोटा धरूनही त्याच पाइपमधून तासाला साडेतीन हजार लिटरच्या घरात पाणी जाऊ शकते. भोक तेच, पाइप तोच, आणि क्षमतेत तिपटीहून अधिक फरक.

रात्रीच्या आवाजाचे कारणही यातच आहे. पाणी थोडे वाढले की पाइप आपोआप सायफन होऊ पाहतो, बॉक्स झपाट्याने रिकामा करतो, तोंड उघडे पडताच हवा ओढून घेतो आणि सायफन तुटतो. मग बॉक्स पुन्हा भरेपर्यंत शांतता असते.

कोणताही खर्च न करता दोन गोष्टी आधी करून पाहाव्यात. पाइपचे सम्पमधील टोक सहा इंच खोल आहे, म्हणजे पाइपमधील हवेला बाहेर पडण्यासाठी सहा इंच पाणी दाबून खाली सरकवावे लागते, आणि तेवढा दाब वरून मिळत नसल्यामुळे हवा आतच अडकून राहते. हे टोक कापून पाण्याखाली फक्त एक इंच राहील असे करा. दुसरे म्हणजे दोन फुटांच्या आडव्या भागात हवेचा कायमचा मुक्काम असतो. काटकोनी एल्बोंऐवजी पंचेचाळीस अंशांचे एल्बो वापरून तो भाग तिरका उतरता करा. नळसामानाच्या कोणत्याही दुकानात ते सहज मिळतात. कपाटातील हे जोड सॉल्व्हंटने चिकटवण्याआधी सगळे कोरडे जुळवून पाहावे, आणि भोकाच्या टँक निपलखाली एक युनियन (खोलता येणारा जोड) अवश्य घालावी, म्हणजे पुढे पाइप धुण्यासाठी तो कापावा लागणार नाही.

त्याच वेळी प्रवाह मोजा, कारण पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो आणि आपला पंप तीन-साडेतीन फूट उंचीवर पाणी चढवतो. सम्पच्या शेवटच्या कप्प्यात थोडे जास्तीचे पाणी भरून ठेवा, परतीच्या पाइपला नळी जोडून तिचे तोंड टाकीच्या काठाच्याच उंचीवर धरा आणि १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. ३६,००० ला त्या सेकंदांनी भागले की तासाचे लिटर मिळतात. नळीचे तोंड काठाखाली आणले तर आकडा फुगतो, एवढे सांभाळावे.

कळंबाकाठ (उत्तर)

उद्यमनगरी यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. फक्त पाणी किती फिरवायचे, याचाही विचार आधी व्हावा असे वाटते. आपल्या टाकीत प्रत्यक्ष पाणी साधारण २२० लिटर असेल. गोल्डफिश भरपूर खातात आणि तेवढीच घाण करतात, म्हणून तासाला पाच ते सात पट फिरती ठेवावी या मताची मी आहे. म्हणजे १,१०० ते १,५०० लिटर. त्याहून अधिक प्रवाहाचा हव्यास मला अनाठायी वाटतो. पाठीला पर नसलेला आणि आखूड बांध्याचा रांचू मुळातच कमजोर पोहणारा मासा आहे, आणि एकाच तोंडातून जोराची धार आली तर तो दिवसभर कोपरा धरून राहतो. त्यामुळे परतीचे पाणी मागच्या काचेच्या कडेने लांब पाइपला छिद्रे पाडून पसरवून सोडावे. मात्र ही छिद्रे फार बारीक आणि मोजकी ठेवली तर पंप तिथेच गुदमरतो. सगळ्या छिद्रांचे मिळून क्षेत्रफळ पाइपच्या आतील क्षेत्रफळाइतके तरी असावे. पाऊण इंची पाइपसाठी हा हिशेब ५ मिलिमीटरच्या किमान १६ छिद्रांचा येतो.

ओव्हरफ्लोचे दातेही एकदा पाहून घ्यावेत. कोपऱ्यातल्या बॉक्सच्या दोन्ही बाजू मिळून दात्यांमधील मोकळी जागा वीस सेंटिमीटर जरी असली तरी तासाला १,५०० लिटर पाणी तिच्यातून सेंटिमीटरभर जाडीच्या थराने सहज जाते, तेव्हा दाते कमी पडत असण्याची शक्यता नाही. पण त्यांच्यात शेवाळ धरले किंवा वनस्पतीची पाने अडकली तर बॉक्स कोरडा आणि टाकी मात्र काठोकाठ, असे उलटे चित्र दिसते. आपल्याकडे बॉक्सच भरतो आहे, म्हणजे दोष दात्यांच्या पुढे पाइपमध्ये आहे, हे आपल्या वर्णनावरूनच स्पष्ट होते.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की सम्पच्या पहिल्या कप्प्यातील फिल्टर वूल फार लवकर गच्च होते, ही गोष्टही ध्यानात असू द्यावी. वूल बसले की पहिला कप्पा चढतो, पाणी पडदीवरून उडी मारून गाळले न जाताच पुढे जाते, आणि पहिल्या कप्प्याची पातळी वाढल्यामुळे आपण एक इंचावर ठेवलेले पाइपचे टोक पुन्हा तीन-चार इंच पाण्याखाली जाते. तेव्हा टोकाची खोली ठरवताना वूल मळलेले असतानाची पातळी धरावी.

मंगळवारपेठकर

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे आकडे घेतले. परतीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना १० लिटरची बादली २० सेकंदांत भरते, म्हणजे पंप या उंचीवर तासाला १,८०० लिटर देतो आहे. आजवर मी ज्या अर्धवट स्थितीत तो चालवत होतो तिथे ४० सेकंद लागतात, म्हणजे ९०० लिटर. पाइपचे टोक कापून आणि आडवा भाग तिरका करून घेतल्यावर आता ३१ सेकंदांच्या स्थितीपर्यंत बॉक्सची पातळी स्थिर राहते, म्हणजे जवळजवळ १,१६० लिटर. त्यापुढे पुन्हा तीच घळघळ सुरू होते. पंप नवा घेण्याची गरज नाही, हे आकड्यांनीच सिद्ध झाले.

आता पूर्ण सायफनकडे वळावे असे वाटते. बॉक्समध्ये भोके दोनच असल्यामुळे परतीचा पाइप तिथून काढून मागच्या काठावरून आत सोडायचा, एक इंची पाइपला व्हॉल्व्ह लावून त्याचा सायफन करायचा आणि रिकामे झालेले पाऊण इंची भोक आपत्कालीन पाइपसाठी, म्हणजे सायफन तुंबला तर पाणी उतरवणाऱ्या पाइपसाठी, ठेवायचे, असा माझा विचार आहे. तो बरोबर आहे का?

राजारामपुरी_नववी_गल्ली (उत्तर)

परतीचा पाइप काठावरून घेण्याचा विचार उत्तम आहे. तिसरे भोक पाडण्यापेक्षा तो शतपटीने सुरक्षित आहे, कारण पाणी भरून वापरात असलेल्या टाकीच्या तळाच्या काचेला पुन्हा ड्रिल लावणे हा निव्वळ जुगार आहे, आणि काच टफन्ड असेल तर भोक पाडताच तिचा चुरा होतो. मात्र दोन भोकांची वाटणी आपण ठरवली आहे त्याच्या नेमकी उलट करावी. सायफन पाऊण इंचीचा आणि आपत्कालीन पाइप एक इंची.

याची दोन कारणे आहेत. आपत्कालीन पाइपचे काम ज्या दिवशी पडेल त्या दिवशी सायफन पूर्ण तुंबलेला असेल, म्हणजे पंपाचे सगळे १,८०० लिटर पाणी त्या एकट्या पाइपने वाहून न्यायचे आहे, आणि तेही हवेसकट. ते काम मोठ्या पाइपकडेच असले पाहिजे. दुसरे कारण व्हॉल्व्हचे आहे. एक इंची सायफन साडेतीन हजार लिटर नेऊ शकतो, तर त्याला पंपाशी जुळवण्यासाठी आपल्याला व्हॉल्व्ह बराच बंद करावा लागेल, आणि त्या अरुंद फटीत गोगलगाय, पान किंवा शेवाळाचा गोळा अडकण्याचा धोका वाढतो. पाऊण इंची सायफन एवढ्या उंचीवरून तासाला १,८०० ते २,००० लिटर नेईल, म्हणजे व्हॉल्व्ह जवळजवळ उघडाच राहील आणि घाण पुढे निघून जाईल.

उंची अशा ठेवाव्यात. सायफनचे तोंड बॉक्समधील चालू पातळीपासून साधारण सहा इंच खाली असावे, म्हणजे भोवरा पडून हवा आत जाणार नाही, आणि त्याच्यावर जाळीची टोपी असावी. आपत्कालीन पाइपचे तोंड चालू पातळीलगत, पण दात्यांच्या तळाच्या खाली हवे. एक इंची पाइपच्या तोंडावर दीड इंचाचा रिड्यूसर रुंद बाजू वर करून बसवला तर पाणी कडेने अधिक सहज आत शिरते आणि पातळी फार चढायच्या आत पाइप भरून वाहू लागतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे जसे पातळी गाठली की कोणी न सांगता उघडतात, तसाच हा पाइप असला पाहिजे. म्हणून त्याच्यावर व्हॉल्व्ह, झाकण, जाळी, काहीही बसवू नये.

जुळवणी करताना पंप पूर्ण सुरू करा, सायफनचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि पाइपमधील हवा सम्पमध्ये बुडबुड्यांनी बाहेर पडू द्या. बुडबुडे थांबले की व्हॉल्व्ह अगदी हळूहळू मिटत न्या. बॉक्सची पातळी सावकाश चढेल. ती आपत्कालीन पाइपच्या तोंडाशी येऊन त्यातून करंगळीएवढी धार पाइपच्या आतल्या भिंतीला चिकटून उतरू लागली की थांबा. ही बारीक धार मुद्दाम ठेवायची असते, कारण पंपाचा प्रवाह दिवसभरात थोडा कमीजास्त होतो आणि ती तो फरक आवाज न करता पोटात घेते. आपत्कालीन पाइप पूर्ण कोरडाच हवा असेल तर तीन पाइपांची रचना लागते, जिला बीनॲनिमल म्हणतात. दोन पाइपांच्या या रचनेचे नाव हर्बी. घरगुती टाकीला हर्बी पुरेशी आहे.

उद्यमनगरी (उत्तर)

राजारामपुरीकरांनी सुचवलेली वाटणी मलाही पटते. फक्त पाऊण इंची सायफनमध्ये राखीव क्षमता थोडी आहे आणि पाइपच्या आत चिकट थर धरला की ती आणखी घटते. म्हणून पंप १,८०० वर न चालवता परतीचा व्हॉल्व्ह १,५०० च्या आसपास, म्हणजे बादली २४ सेकंदांत भरेल असा ठेवावा. कळंबाकाठ ताईंनी सांगितलेली सात पट फिरतीही त्यात साधते.

आता वीज गेल्यावर काय होईल, ते पाहू, कारण वळवाच्या पावसात ती जाणारच. टाकीचा १२० बाय ४५ सेंटिमीटरचा पृष्ठभाग धरला तर पातळी एक सेंटिमीटर उतरणे म्हणजे ५.४ लिटर पाणी सम्पमध्ये येणे. पंप थांबला की दात्यांपर्यंतचे दीड सेंटिमीटर पाणी, म्हणजे ८ लिटर, खाली येईल. ओव्हरफ्लो बॉक्स आता सायफनच्या तोंडापर्यंत रिकामा होईल; पूर्वीच्या उंच पाइपमध्ये असे होत नव्हते. बॉक्स २० बाय २० सेंटिमीटरचा असेल तर हे आणखी ६ लिटर झाले, आणि पाइपांमधील लिटर-दोन लिटर वेगळे. इथवर सम्पला काही अडचण नाही. मात्र काठावरून आत घेतलेल्या परतीच्या पाइपचे तोंड पाण्याखाली पाच सेंटिमीटर असेल आणि त्याला हवेचे छिद्र नसेल, तर तोच पाइप उलटा सायफन होऊन तोंड उघडे पडेपर्यंत वरचे ८ लिटर धरून टाकीचे एकूण २७ लिटर खाली आणेल. ७५ बाय ३० सेंटिमीटरच्या आपल्या सम्पमध्ये चालू पातळी २० सेंटिमीटर असेल तर वर उरलेली जागा ३६ लिटरच्या आसपास आहे; म्हणजे सगळे मिळून ती जवळपास काठोकाठ भरते, आणि त्या दिवशी सम्पमध्ये थोडे पाणी जास्त भरलेले असले तर कपाट भिजते. म्हणून परतीच्या पाइपला पाण्याच्या पृष्ठभागाच्या लगेच खाली ४ मिलिमीटरची दोन छिद्रे पाडा आणि काच पुसताना ती दर वेळी काडीने मोकळी करा. पाणी उलट येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नये. त्याच्या पाकळीत वाळूचा एक कण अडकला तरी तो गळतो.

रचना पूर्ण झाल्यावर आपण समोर उभे असताना दोन चाचण्या घ्याव्यात. पंप बंद करून सम्प कुठवर भरतो ते पाहा, तिथे बाहेरून मार्करने रेघ मारा आणि पंप पुन्हा सुरू केल्यावर सायफन हात न लावता धरतो का ते तपासा. मग सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून सगळे पाणी एकट्या आपत्कालीन पाइपने उतरते का आणि टाकीची पातळी काठाच्या खाली थांबते का, ते पाहा. ती थांबली नाही तर परतीचा व्हॉल्व्ह थांबेपर्यंत मिटत आणा, आणि जिथे थांबेल तीच आपल्या टाकीची कमाल फिरती समजा, मग आकडा काहीही येवो.

मंगळवारपेठकर

फारच मुद्देसूद माहिती मिळाली. येत्या रविवारी काम करून घेतो. एकच शंका उरली आहे: सायफनसाठी पाऊण इंचीमध्ये गेट व्हॉल्व्ह (हळूहळू मिटवता येणारा) पाहिला तर दुकानात पितळीच मिळाला, प्लॅस्टिकचे सगळे बॉल व्हॉल्व्ह आहेत. पितळी चालेल का?

राजारामपुरी_नववी_गल्ली

पितळी घेऊ नका. पितळात तांबे आणि जस्त असते. गोल्डफिशला ते लगेच बाधणार नाही, पण गोगलगाई आणि कोळंबीला तांबे फार थोड्या प्रमाणातही घातक ठरते, आणि उद्या टाकीत काय ठेवावेसे वाटेल ते आज कोणी सांगू शकत नाही. प्लॅस्टिकचा बॉल व्हॉल्व्हच लावा. त्याची मूठ नवी असताना अडखळत फिरते आणि नेमक्या जागी थांबत नाही, म्हणून बसवण्याआधी ती पाण्यात बुडवून वीस-पंचवीस वेळा उघडझाप करून सैल करा. तरीही बारीक जुळवणी साधली नाही तर सायफनचा व्हॉल्व्ह आहे तिथेच सोडून परतीचा व्हॉल्व्ह किंचित कमीजास्त करा. आपत्कालीन पाइपमधील धार दोन्हीकडून सारखीच जुळवता येते.